कासव हरवलंय? आधी गाडी काढू नकोस

सोलापूर, मंगळवार सकाळ

पोरा,

कासव हरवल्याचा तुझा निरोप आत्ता वाचला. सुलकाटा आहे, म्हणजे जमिनीवरचं आफ्रिकन कासव. हे कळवलंस ते बरं केलंस, शोधायची सगळी रीत त्यावरच ठरते.

माझं निसटलं होतं तेव्हा मी स्कूटर काढून दोन दिवस होटगी रोडपर्यंत हिंडलो. शुद्ध गाढवपणा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याच परसात निघालं, जुन्या पत्र्यांच्या थप्पीखाली, दारापासून वीस पावलंसुद्धा नसतील. तेही दिसलं नाही, ऐकू आलं. लाईट गेली, गल्लीतले यंत्रमाग थांबले, आणि त्या शांततेत पत्र्याला पाठ घासल्याची खर्र... खर्र. त्यामुळे शोधताना थोडं गप्प उभंही राहत जा.

फाटकापासून सुरुवात कर. कासव भिंतीला लागलं की बहुतेक वेळा भिंतीच्या कडेकडेनेच चालतं आणि कोपऱ्यात जाऊन अडकतं. कंपाउंडची आतली बाजू बघ, मग बाहेरची, मग शेजाऱ्यांची. उभ्याने नाही, गुडघ्यावर येऊन. मातीने माखलेली पाठ आणि दगड यांत वरून फरक कळत नाही. हे प्राणी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले, ऊन टाळायला बिळं खणणारे. आपल्या एप्रिलच्या दुपारी ते हलायचंच नाही. सकाळी ऊन चढायच्या आत आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, एवढ्या वेळात ते चालतं, चरतं. दुपारी फक्त सावलीच्या जागा धुंडाळ: उभ्या गाड्यांखाली, कडब्याच्या गंजीखाली, सिमेंटच्या पाइपात, कोरड्या गटारात. शेजाऱ्यांना गाडी मागे घेण्याआधी वाकून बघायला सांग. ताजी उकरलेली माती दिसली आणि बिळाचं तोंड खाली सपाट, वर कमानीसारखं असेल, तर तिथंच बस. पाणी ओतू नकोस, ओढूही नकोस, आत पाय रोवून धरतं. आणि जास्वंदीची खालची पानं कोणी कुरतडलीत का, तेही बघ.

आता खरी भीती. आपल्याकडे जमिनीवरचं काय नि पाण्यातलं काय, दोघांनाही कासवच म्हणतात. एखाद्या भल्या माणसाला ते रस्त्यात दिसेल, देवळातल्या दगडी कासवाची आठवण होईल, हात जोडेल आणि पुण्य समजून सिद्धेश्वर तलावात नाहीतर संभाजी तलावात सोडून येईल. सुलकाटाला पोहता येत नाही, बुडतं. कुत्र्यांपेक्षा मला या भल्या माणसाचीच धास्ती वाटते. म्हणून चिठ्ठीवर फोटोखाली पहिली ओळ हीच घाल: ‘हे पाण्यातलं नाही, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका.’ बक्षिसाचं नंतर. शहराच्या पूर्व भागात तेलुगू वस्ती आहे, तिथं चिठ्ठी तेलुगूतही लाव; तिथल्या आज्यांना ‘ताबेलू’ म्हटलं की लगेच कळतं. कानडी घरांत ‘आमे’ म्हण. दूधवाला, पेपरवाला, घंटागाडीवर येणाऱ्या बाया आणि गल्लीतली पोरं यांना तोंडी सांग. पोरांची नजर जमिनीजवळ असते, माझ्या भरवशाची तीच.

शोधताना पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं दुसरंच कासव हाती लागलं तर घरी आणू नकोस. ते आपलं देशी स्टार कासव, पाळणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळव. तुझ्या सुलकाटाच्या नोंदणीचे कागदही काढून ठेव, कोणी उचलून नेलं असेल तर ते तुझंच आहे हे दाखवावं लागेल.

सापडलं की परातीत कोमट पाणी घे, हनुवटीच्या खाली राहील एवढंच, आणि पंधरा-वीस मिनिटं त्यात बसव. कवचाला चीर दिसली तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे ने.

फाटकाला जाळी आहे म्हणालास, तिथंच घोळ झाला असणार. पलीकडचं दिसलं की ते ढकलत राहतं; आडवी फळी असली की बहुधा मागे फिरतं. खालची फट किती बोटांची आहे ते मोजून सांग. माझ्याकडे सागाची फळी पडून आहे, येताना घेऊन येतो. साडेचारला पोचतो, तोवर पत्र्यांखाली बघून ठेव.

तुझा,
काका