ऑर्डरी ईमेलमधून शीटमध्ये, कोडिंग न येता

प्रश्न: माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, ऑर्डरी ईमेलवर येतात आणि त्या शीटमध्ये टाकण्यात रोज रात्री दीड-दोन तास जातात. असलं काम आपोआप करणारा एआय एजंट बनवता येतो म्हणे, पण मला कोडिंगचा क पण येत नाही. जमेल का?

उत्तर: जमेल हो ताई. झेपियर, मेक, एन-एट-एन असं वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडून कामं आपोआप करणारं काहीतरी घ्या, पहिल्यांदाच करताय तर झेपियर सोपं पडेल, फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क मिळतात (मेल आल्यावर होणारी प्रत्येक कृती म्हणजे एक टास्क), पण त्यात दोनच स्टेप जोडता येतात, त्यामुळे मधे एआयची स्टेप घालायला पैशाचा प्लॅन लागेल हे धरूनच चाला. जीमेलमध्ये "ऑर्डर" असं लेबल करा, त्या लेबलखाली मेल आला की एआयने तो वाचायचा आणि नाव, पदार्थ, वजन, तारीख वेगळं काढून शीटमध्ये नवी ओळ भरायची, बस एवढंच.

खरी मेहनत सूचना लिहिण्यात आहे, आणि ती मराठीत लिहिली तरी चालते. गिऱ्हाईक लिहितं "मागच्या वेळसारखंच, फक्त चकली डबल", आता मागच्या वेळी काय होतं हे त्या बिचाऱ्या एआयला कुठून कळणार, मग तो बिनधास्त अंदाज ठोकतो! म्हणून स्पष्ट लिहा, "कळलं नाही तर वजनाच्या रकान्यात 'विचारा' असं लिही". "पावशेर म्हणजे २५० ग्रॅम" हेही सांगून ठेवा.

गिऱ्हाइकाला उत्तर मात्र ड्राफ्टमध्येच ठेवायला लावा, पाठवायचं बटण तुम्हीच दाबा. आणि साध्या व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी अशा जोडता येत नाहीत, त्याला व्हॉट्सॲपचा बिझनेस एपीआय (दुसरी सॉफ्टवेअर जोडायची धंद्यासाठीची वेगळी सोय) लागतो, ते सध्या राहू द्या.