शटर स्पीड आपोआप बदलतोय, कॅमेरा बिघडलाय का? दुरुस्तीला देण्याआधी फोटोंचा क्रम बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने मेन बोर्ड बदलायला सांगितलाय आणि सोमवारी कॅमेरा देऊन टाकणार आहात. सोमवार थोडा पुढे ढकला, प्लीज.

तुम्ही सांगितलेलं थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. निकॉन डी७२०० सेकंडहँड घेतलाय, त्यावर ७०-३०० लेन्स, नेरूळला सकाळी फ्लेमिंगो काढायला गेलात, एम मोडवर (जिथे सगळं आपणच ठरवतो) शटर १/१००० लावलं, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, नंतर डायलला हात लावला नाही, आणि घरी येऊन बघितलं तर काही फोटो १/१०००, काही १/५००, काही १/२०००.

आता हे तीन आकडे नीट बघा. १/१०००, त्याच्या बरोबर दुप्पट वेळ आणि त्याच्या बरोबर निम्मा वेळ. खराब झालेला पार्ट इतका हिशेबाने वागत नाही हो! बोर्ड किंवा डायल गेला असता तर १/८००, १/१६००, मधेच १/६० असं काहीही दिसलं असतं. बरोबर एक स्टॉप खाली, बरोबर एक स्टॉप वर (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हे कॅमेरा कुणीतरी सांगितल्याशिवाय करत नाही आणि ते सांगणं म्हणजे ब्रॅकेटिंग. एकाच सीनचे तीन फोटो वेगवेगळ्या एक्स्पोजरने काढायची ही सोय आहे, सूर्यास्त वगैरे काढताना कामाची, आणि एम मोडमध्ये नेहमीच्या सेटिंगला डी७२०० ते शटर बदलूनच करतो. म्हणजे तुम्ही डायलला हात लावला नाही हे शंभर टक्के खरं असणार आणि तरीही शटर बदललंय हेही खरं.

खात्री करायला कार्डावरच्या ओरिजिनल फाइल्स उघडा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो चालणार नाहीत कारण त्यातून एक्झिफ, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली शटर, मोड वगैरे माहिती, निघून जातो. फाइल नंबरच्या क्रमाने एकेका फोटोचं शटर कागदावर लिहून काढा, वीस-पंचवीस पुरेत. १०००, २०००, ५००, परत १०००, २०००, ५०० असं येतंय का बघा, म्हणजे एक ठीक, एक काळपट, एक पांढुरका. निकॉनचा हाच नेहमीचा क्रम आहे, आधी जसा लावलाय तसा, मग अंडर, मग ओव्हर. मधले खराब फोटो डिलीट केले असतील तर क्रम तुटलेला दिसेल, म्हणून नंबर महत्त्वाचे. आणि अजून एक आठवून सांगा, कंटिन्युअस मोडवर बटण दाबून ठेवलं की तीन फोटो होऊन कॅमेरा थांबत होता का? ब्रॅकेटिंग चालू असताना तो ठरलेले फोटो झाले की थांबतो, बटण सोडून परत दाबावं लागतं. फ्लेमिंगोंचा थवा उडताना हे झालं असेल तर तुम्हाला नक्की आठवेल, कारण त्या वेळी फार जीव तुटतो.

बंद कसं करायचं: कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, लेन्सजवळ, फ्लॅशच्या बटणाच्या खाली बीकेटी लिहिलेलं बटण आहे. ते दाबून ठेवून मागचा डायल फिरवा, वरच्या छोट्या डिस्प्लेवर ०एफ येईपर्यंत. बीकेटी ही अक्षरं डिस्प्लेवरून गेली की झालं. कॅमेरा बंद करून चालू केल्याने हे जात नाही, बॅटरी काढून बसवून बघितली म्हणालात त्याचा उपयोग झाला नाही तो म्हणूनच. आधीच्या मालकाने कधीतरी लावून ठेवलं असेल किंवा बॅगेत घालता-काढताना बटण दाबलं जाऊन डायल फिरला असेल.

मला हे इतकं पाठ आहे कारण माझ्यावर ही वेळ आलीय. उपवन तलावावर संध्याकाळी सूर्यास्त काढायला ब्रॅकेटिंग लावलं, घरी आले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी कळव्याला भावाच्या मुलीचं बारसं. पाळण्यात घालतानाचे, नाव सांगतानाचे, सगळ्यांतला प्रत्येक तिसरा फोटो जळलेला आणि त्याच्या आधीचा अंधारलेला. आजीने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं तो नेमका जळालेल्यांतला आला. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढले होते म्हणून थोडंफार वाचलं, पण आजीच्या पांढऱ्या पातळाचे काठ काही परत आले नाहीत. त्या दिवसापासून कॅमेरा हातात घेतला की आधी वरचा डिस्प्ले वाचते, मग लेन्सचं झाकण काढते.

आता समजा क्रम तसा नाही आला. तर मग पहिली शंका मोडचीच, काही फोटो एम ऐवजी ए वर निघाले असतील, मोड एक्झिफमध्ये लिहिलेला असतो तो बघा. ए वर तुम्ही अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, ते ठरवता आणि शटर कॅमेरा ठरवतो, त्यामुळे ते सतत बदलणारच. नेरूळच्या पाणथळीत तर फारच, पक्षी चिखलात उभा असेल तर मागे काळं, तोच उडाला की मागे सकाळचं पांढरं आकाश आणि सीवूड्सचे टॉवर, कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर एका क्षणात कुठल्या कुठे जातो. शिवाय तुमची लेन्स ४.५-५.६ वाली असेल तर ७० वर ४.५ लावून ३०० पर्यंत झूम केलं की अ‍ॅपर्चर आपसूक ५.६ होतं (आकडा मोठा म्हणजे भोक छोटं) आणि ए मोडमध्ये १/१००० चं १/६४० होतं, काहीही न बिघडता.

सेकंडहँड कॅमेऱ्यात मोड डायलवरचे यू१ आणि यू२ पण तपासा. त्यात आधीच्या माणसाचं सेटिंग सेव्ह असू शकतं, तुम्ही त्यावर शटर बदललंत तरी कॅमेरा बंद करून चालू केला की परत त्याचंच येतं, आणि माणसाला वाटतं कॅमेरा विसरतोय. कॅननवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्या सी१, सी२ चं तेच आहे, आणि कॅननच्या वरच्या मॉडेल्समध्ये सेफ्टी शिफ्ट नावाचा प्रकार असतो तो चालू असेल तर टीव्ही (Tv) मोडमध्ये, जिथे शटर तुम्ही ठरवता, तुम्ही ठरवलेलं शटरही कॅमेरा बदलतो. फ्लॅश उघडला तर डी७२०० साध्या सेटिंगला १/२५० च्या वर जात नाही, पण फ्लेमिंगोंना फ्लॅश मारला नसेल तुम्ही, मारूही नका.

ऑटो आयएसओमुळे एम मोडमध्ये शटर बदलत नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) बदलतो, या दोन्हीत गल्लत होते. आणि घरात एलईडीखाली टेस्ट करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, १/१००० ला त्याचा एखादाच तुकडा सापडतो आणि एक फोटो उजेडी एक काळा येतो, शटर जागचं हललेलं नसतं तरी.

खरी टेस्ट अशी करा. दिवसा खिडकीच्या उजेडात कॅमेरा टेबलावर ठेवा, समोर साधी भिंत, एम मोड, ऑटो आयएसओ बंद, आयएसओ ४००, ब्रॅकेटिंग ०एफ. दहा फोटो काढा. सगळे सारखे आले तर बोर्ड ठणठणीत आहे. मग मागचा डायल एकेक टिक फिरवा, १०००, १२५०, १६००, २००० असं एका दिशेने जायला पाहिजे. एक टिक दिल्यावर आकडा उलटा गेला, दोन घरं उडाला किंवा हात न लावता थरथरला, तर मात्र डायल गेलाय, आणि तोसुद्धा डायल, मेन बोर्ड नव्हे. आतले बारीक धातूचे काँटॅक्ट आपल्याकडच्या दमट हवेत आणि धुळीत खराब होतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं टेंभी नाक्याच्या दहीहंडीत भिजून हेच झालं होतं, पुढे टिक दिली की आकडा मागे यायचा. बॅटरी काढून डायल पन्नासेक वेळा दोन्हीकडे फिरवल्यावर महिनाभर चालला, मग एका दुरुस्तीवाल्याने उघडून साफ करून दिला तो अजून चालतोय. घरच्या घरी कसला स्प्रे मारू नका, तो आत उतरतो आणि मग खरंच मोठं काम निघतं.

तर आज रात्री एवढंच करा, फाइल नंबर आणि समोर शटर, वीस ओळी, आणि इथेच टाका, मी बघून सांगते. टेस्टमध्ये दहाच्या दहा फोटो सारखे आले तर रविवारी भरतीची वेळ बघून परत जा. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो आत नेरूळच्या पाणथळीत येतात, तेव्हा ७०-३०० ला सुद्धा बऱ्यापैकी जवळ मिळतात.