नियमांची शर्यत म्हणजे पिवळा पीतांबर

प्रश्न असा आला आहे: ‘फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींत इंजिनापासून पंखापर्यंत प्रत्येक गोष्टीवर बंधनं असतात. मग नियमांनी जखडलेली शर्यत हा वदतोव्याघात नाही का? आणि यातल्या फॉर्म्युलाला मराठीत सूत्र म्हणावं का?’

वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं, मुळीच नाही. असलीच तर ती द्विरुक्ती आहे. पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, यांच्या जातीची. दर मोसमात कुणीतरी हळहळतं की नियमांनी तंत्रज्ञानाचा गळा घोटला, आता ती खरी शर्यतच राहिली नाही. हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही, कारण बोलणारा ‘शर्यत’ हाच शब्द विसरलेला असतो.

फॉर्म्युलाचे बीजगणितातले, रसायनातले आणि यशाच्या गुरुकिल्लीचे अर्थ सोडून देतो, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. इथे उपयोगी पडतो तो आपल्या वर्तमानपत्रांतला जागावाटपाचा फॉर्म्युला. कुणाच्या वाट्याला किती, हे आधी ठरवून सगळ्यांनी मान्य केलेलं. मोटारींच्या शर्यतीतला फॉर्म्युला नेमका तोच, गाडी कशी असावी याचे आधी ठरलेले नियम. तो गाडीचा प्रकार नाही, वेगाची पदवी नाही आणि स्पर्धेचं नावही मुळात नाही. पुरावा हवा असेल तर १९५२ आणि १९५३ ही वर्षं बघा. चालकांची जागतिक स्पर्धा तेव्हा फॉर्म्युला वनऐवजी फॉर्म्युला टूच्या नियमांनी, दोन लिटरच्या इंजिनांवर खेळली गेली आणि दोन्ही वर्षं फेरारीचा आस्कारी जगज्जेता झाला. स्पर्धा तीच राहिली, फॉर्म्युला तेवढा बदलला.

शब्द मूळचा लॅटिन. ‘फोर्मा’ म्हणजे आकार, साचा. ‘फोर्मुला’ म्हणजे लहानसा साचा. रोमच्या न्यायव्यवस्थेत प्रेटर हा अधिकारी खटला न्यायाधीशाकडे सोपवताना एक ठरावीक मजकूर लिहून देई, त्याचं नाव फोर्मुला. त्यातला गाभ्याचा भाग ‘जर’ने सुरू होई: जर अमुक सिद्ध झालं तर दोषी ठरव, न झालं तर सोड. म्हणजे फॉर्म्युला हे जर-तरचं वाक्य, एक अट. मोटारवाल्यांनी शब्द रोमन कोर्टातून उचलला असं मी म्हणत नाही. तो त्यांच्याकडे फ्रेंचांच्या रोजच्या भाषेतून आला. पण अटीचा वास त्याला अजून आहे.

आता खरी मौज. आपला ‘शर्यत’ हा शब्दसुद्धा अटच आहे! अरबी ‘शर्त’ म्हणजे अट, ठराव. तिची लेकरं मराठीत घरोघर आहेत: सशर्त, बिनशर्त, अटी-शर्ती. ‘प्रयत्नांची शर्थ’ यातली शर्थही हीच. ‘अर्थ’शी यमक जुळतं म्हणून तिला संस्कृत समजणारे पुष्कळ भेटतात, पण ती शर्तच आहे, थ तेवढा मराठी तोंडातला. आणि याच घरातली शर्यत. आधी दोघांत ठराव व्हायचा: कुठून कुठपर्यंत, कोणत्या जोडीनं, हरला तर काय द्यायचं. तो ठराव म्हणजे शर्यत. धावणं नंतरचं. पैजेचंही असंच झालं आहे. ती प्रतिज्ञेतून आली, म्हणजे आधी शब्द देणं आणि मग चुरस.

काही जाणकार शर्यतीचा संबंध ‘शरीयत’शी जोडतात. शरीयतीच्या मुळाशी पाणवठ्याकडे जाणारी वाट आहे, वाट म्हटली की धाव आली, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो साफ अमान्य आहे. कानाला सारखं लागलं म्हणून नातं ठरवायचं, हा व्युत्पत्तीतला सर्वांत आळशी मार्ग. शर्तीतला त हा धातूचाच भाग आहे, अरबी ‘तोय’ या अक्षराचा. शरीयतीतला त नुसता प्रत्यय आहे आणि तिच्या धातूच्या शेवटी ‘ऐन’ येतो. दोन धातू निराळे. आणि अर्थाचं काय? ‘शर्यत लावली’ म्हणताना आपण पैज लावतो, वाट दाखवत नाही.

राहिला प्रश्न मधल्या ‘य’चा. शर्तची शर्यत कशी झाली? माझं मत असं: अरबीत याच धातूचा ‘शरीता’ असाही शब्द आहे, अर्थ पुन्हा अटच. शर्यतीतला य हा त्या दीर्घ ईचा अवशेष असावा. मला हे इतकं पटतं की विरोधी पुरावा मिळेपर्यंत मी ते सोडणार नाही. त्याच धातूपासून अरबीत ‘शरीत’ म्हणजे फीत आणि ‘शुर्ता’ म्हणजे पोलीस. अट, फीत आणि पोलीस एकाच घरात! अंतिम रेषेवरची फीत छातीनं तोडणारा धावपटू डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मला एवढा आनंद का होतो ते कळेल.

मोटारींचा इतिहासही हेच सांगतो. १९०६ साली फ्रान्समध्ये ल मान्सला पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठी मोटारशर्यत, झाली, तेव्हाच गाडीचं वजन हजार किलोंपेक्षा जास्त नको अशी अट होती. पुढच्या वर्षी वजनाऐवजी इंधनाची: शंभर किलोमीटरला तीस लिटर. २०१४ साली नव्या हायब्रिड इंजिनांबरोबर ‘एका शर्यतीला शंभर किलो इंधन’ हा नियम आला, तेव्हा लोक कधी न घडलेलं घडल्यासारखे बोलत होते. अट १०७ वर्षांची जुनी होती.

अट घातली की माणसाची शर्थ कुठे जाते त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९३४चं. वेग फार वाढला म्हणून नियम केला की टायर, इंधन, तेल, पाणी वगळून गाडी ७५० किलोंच्या आत हवी. हलकी गाडी म्हणजे लहान इंजिन, लहान इंजिन म्हणजे कमी वेग, असा हिशेब होता. मर्सिडीज आणि आउटो युनियन या जर्मन कंपन्यांच्या अभियंत्यांनी हलक्या मिश्रधातूंनी सांगाड्याचं वजन उतरवलं आणि वाचलेले किलो इंजिनात घातले. १९३७ सालच्या मर्सिडीजमध्ये साडेपाच लिटरपेक्षा मोठं इंजिन होतं, साडेपाचशेहून अधिक अश्वशक्तीचं. वजनाला मर्यादा होती, इंजिनाच्या आकाराला नव्हती! १९३८ला मग इंजिनावरच मर्यादा आली. पुढे काटा उलटा फिरला आणि १९६१ पासून फॉर्म्युला वनमध्ये किमान वजनाची अट आहे; तेव्हा ती ४५० किलोंची होती.

भाषेच्या माणसाला मात्र १९७८चा पंख्याचा वाद जास्त आवडेल. १९६९ साली बार्सिलोनाच्या मोंजुईक रस्त्यांवर लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे, हवेच्या दाबानं गाडी जमिनीला दाबून धरणारे उंच पंख मोडले, मोठे अपघात झाले, आणि त्याच वर्षी हवेचा दाब घेणारे हलते भाग निषिद्ध ठरले. नऊ वर्षांनी रचनाकार गॉर्डन मरे यांनी ब्रॅबम संघाच्या गाडीमागे भलामोठा पंखा बसवला. तो गाडीखालची हवा ओढून घेई आणि गाडी रस्त्याला चिकटवून ठेवी. आक्षेप आला तेव्हा ब्रॅबमचं उत्तर तयार होतं: पंख्याचं मुख्य काम इंजिन थंड ठेवण्याचं आहे, हवेचा दाब घेण्याचं नाही, ते आपोआप होतं. सगळा वाद ‘मुख्य’ या एका शब्दावर! स्वीडनमध्ये आंडरस्टोर्पला निकी लाउडा त्या गाडीतून अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकानं जिंकला. निकाल कायम राहिला, पण गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

१९९३ साली विल्यम्स संघाच्या गाडीत संगणकानं हलणारं सस्पेन्शन होतं, चाकं घसरू न देणारी यंत्रणा होती, ब्रेक सांभाळणारीही होती. १९९४ला हे सगळं काढायला लावलं. चालकानं गाडी एकट्यानं आणि कुणाच्या मदतीविना चालवावी, असं नियमांत लिहिलेलं आहे. हा नियम नाही, ‘चालक’ या शब्दाची व्याख्या आहे. २०२१ पासून खर्चालाही मर्यादा आली, पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलरची. मोठी तिजोरी असलेल्या संघानं बाकीच्यांची शर्यत सुरू होण्याआधीच संपवू नये म्हणून. सुरक्षा, पैसा, चालकाचं कसब अशी कारणं बदलत राहतात, अट मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

१६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठवली, तेव्हा मराठी बातम्यांत ‘शर्यतीला सशर्त परवानगी’ असे शब्द झळकले. एकाच अरबी धातूची दोन रूपं शेजारी शेजारी आणि एकीच्या डोक्यावर संस्कृत ‘स’! मी तो शब्दप्रयोग वहीत उतरवून ठेवला आहे.

सूत्राचं राहिलंच. ‘सूत्र एक’ असं कृपा करून लिहू नका. वाचणाऱ्याला गणिताची वही आठवेल. सूत्र घ्यायचंच असेल तर सुताराचं घ्या. सुतार म्हणजे मूळचा सूत्रधार, लाकडावर दोरी धरून इथपर्यंतच कापायचं अशी रेघ मारणारा. त्या अर्थी फॉर्म्युला हे सूत्र खरंच आहे, पण तो अर्थ आज कुणाच्या मनात उरलेला नाही. मी नाव ‘फॉर्म्युला वन’ असंच ठेवीन आणि अर्थ सांगताना ‘शर्त’ म्हणेन.

कुणाच्या घरी बैलगाड्यांच्या पैजांचे जुने कागद असतील, मोडीतले असले तरी चालतील, तर ते बघून ‘शर्यत’ तिथे ठराव या अर्थी आली आहे की धाव या अर्थी, एवढं मला कळवा. आणि मध्ये य आहे का, तेही.