वाचकांचे प्रश्न : एन-१ चंद्रापर्यंत का पोचला नाही?

प्रश्न : चंद्रावर माणूस नेण्यासाठी सोव्हिएत संघाने बांधलेला एन-१ अग्निबाण चारही उड्डाणांत अपयशी ठरला. पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं लावली, हीच चूक ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तीस इंजिनांमुळे काम अवघड झालं, हे खरं. पण गागारिनला नेणाऱ्या अग्निबाणातही उड्डाणाच्या वेळी वीस मुख्य ज्वलनकक्ष एकदम पेटत. एन-१ ला नडली ती जमिनीवर न झालेली चाचणी.

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिनं होती, प्रत्येकी सुमारे ६९० टन रेट्याची. सुरुवातीला तीही फुटत. प्रचंड ज्वलनकक्षात दाबाच्या लाटा उसळत आणि इंजिनाचे तुकडे होत. मग इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडपट्ट्या उभ्या करून तिचे १३ कप्पे पाडले. चालू इंजिनात मुद्दाम छोटा स्फोट करायचा आणि लाटा किती वेळात विरतात ते मोजायचं. सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात त्या विरू लागेपर्यंत हे चाललं. शिवाय उड्डाणाला जाणारा प्रत्येक पहिला टप्पा आधी मंचावर जखडून, पाचही इंजिनं एकदम पेटवून तपासला जाई.

एन-१ च्या पहिल्या टप्प्यासाठी असा मंच बांधलाच नाही. पैसा अपुरा होता आणि चंद्रावर उतरण्याचा सोव्हिएत निर्णयच ऑगस्ट १९६४ चा, म्हणजे चंद्रावर माणूस उतरवण्याच्या अमेरिकी अध्यक्ष केनेडींच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. त्यात मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह आणि इंजिनांतले जाणकार ग्लुश्को यांचं इंधनावरून बिनसलं. ग्लुश्कोंना विषारी, पण एकत्र येताच पेट घेणारी रसायनं हवी होती. कोरोल्योव्हना केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन. अखेर काम विमानांची इंजिनं करणाऱ्या कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे गेलं. त्यांचं एनके-१५ उत्तम होतं, पण त्यातल्या काही झडपा स्फोटकाने एकदाच उघडत. चाचणीत पेटवलेलं इंजिन उड्डाणाला चालत नसे. म्हणून सहांतली दोन पेटवून पाहायची आणि उरलेली न पेटवताच बसवायची.

साहजिकच दोष उड्डाणातच उघडे पडले. २१ फेब्रुवारी १९६९ ला शेपटाकडे आग लागली आणि नियंत्रण यंत्रणेने ६९ व्या सेकंदाच्या सुमारास सगळी इंजिनं बंद केली. ३ जुलैला एका इंजिनाचा ऑक्सिजनचा पंप फुटला. बिघडलेलं इंजिन आणि त्याच्या समोरचं इंजिन बंद करणं, एवढंच या यंत्रणेचं काम. तिने जवळजवळ सगळीच बंद केली आणि इंधनाने भरलेला अग्निबाण तळावरच आदळला. म्हणून पुढे पहिली ५० सेकंदं इंजिनं बंद करायची नाहीत, असं ठरलं. जून १९७१ मध्ये मात्र अग्निबाण स्वतःभोवती फिरू लागला आणि ५१ व्या सेकंदाला संपला. नोव्हेंबर १९७२ चं उड्डाण सगळ्यांत लांब, १०७ सेकंदांचं. मधली सहा इंजिनं ठरल्याप्रमाणे बंद झाली, पण त्या धक्क्याने नळ्या फुटल्या. पहिला टप्पा सुटायला काही सेकंदच उरले होते. नळ्यांतला असा धक्का मंचावर दिसला असता, असं आम्हांला ठामपणे वाटतं.

प्रश्न : कोरोल्योव्ह जगले असते तर? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जानेवारी १९६६ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान ते गेले आणि सूत्रं मिशिन यांच्याकडे आली. कोरोल्योव्हांचा दरारा असता तर निधी कदाचित वाढला असता. पण मंच न बांधण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला, त्यामुळे सगळा दोष मिशिन यांच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : उरलेल्या इंजिनांचं काय झालं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : एनके-३३ ही सुधारित आवृत्ती पेटवून तपासता येई आणि पुन्हा वापरता येई. १९७४ मध्ये प्रकल्प गुंडाळल्यावर नष्ट करण्याचा हुकूम असूनही कुझ्नेत्सोव्ह यांच्या माणसांनी ती गोदामात जपली. १९९० च्या दशकात त्यांतली काही अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २०१३ पासून ती अँटारेस अग्निबाणात उडाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांतल्या एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप निकामी होऊन अँटारेस उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळला.