‘नॉर्मल फॉर्म्स २ टक्के’ : वीर्यतपासणीच्या रिपोर्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी बऱ्याच जणांनी पत्रासोबत वीर्यतपासणीचा रिपोर्टही पाठवला आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत. ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : वय ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. रिपोर्टमध्ये वीर्य अडीच मिलिलिटर, शुक्राणू ४८ मिलियन प्रति मिलिलिटर, पुढे सरकणारे ४० टक्के. पण ‘नॉर्मल फॉर्म्स २ टक्के’ आणि खाली ठळक अक्षरात ‘टेराटोझूस्पर्मिया’. लॅबमधला माणूस म्हणाला, ९८ टक्के खराब आहेत. मूल झालंच तर त्यात व्यंग येईल का? घरी कुणालाच सांगितलेलं नाही. — सांगली

उत्तर : व्यंगाची भीती आधी मनातून काढा. शुक्राणूचं डोकं किंचित लांबट आहे की मान जाड आहे, यावरून बाळाच्या अवयवांबद्दल काहीच ठरत नाही.

आता त्या २ टक्क्यांकडे बघू. ‘नॉर्मल फॉर्म्स’ म्हणजे नेमक्या आकाराचे शुक्राणू. ते मर्यादेपेक्षा कमी निघाले की रिपोर्टवर ‘टेराटोझूस्पर्मिया’ लिहितात. काचपट्टीवर वीर्याचा पातळ थर पसरून, वाळवून, रंगवून तो हजारपट मोठा करून पाहतात. किमान २०० शुक्राणू एकेक करून तपासायचे असतात. ‘नॉर्मल’ म्हणवून घ्यायला शुक्राणूला सगळ्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. डोकं गुळगुळीत आणि लंबगोल हवं, साधारण ४ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि अडीच ते साडेतीन रुंद. डोक्यावरची टोपी, म्हणजे अॅक्रोसोम, डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग झाकणारी हवी. मधला भाग सडपातळ आणि डोक्याच्या सरळ रेषेत हवा. शेपटी एकच, न गुंडाळलेली आणि डोक्याच्या जवळपास दहापट लांब हवी. एका अटीत जरी शंका आली, तरी तो शुक्राणू ‘अॅबनॉर्मल’च्या रकान्यात जातो. इतकी कडक चाळणी लावल्यावर उत्तम प्रजननक्षमता असलेल्या पुरुषांचेही बहुतेक शुक्राणू त्याच रकान्यात पडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा ४ टक्के आहे. ९० नाही, ५० नाही, ४.

ही मर्यादा काढली कशी, तेही समजून घ्या. ज्यांच्या पत्नीला एका वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासले गेले आणि त्यांतले सर्वांत कमी आकडे असलेले १०० तले ५ जण जिथे संपतात, तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखालीही बाप झालेलीच माणसं आहेत. शिवाय २०० पैकी ४ टक्के म्हणजे ८ शुक्राणू, तुमचे २ टक्के म्हणजे ४. चार शुक्राणूंचा फरक तपासणारा माणूस बदलला तरी पडतो. थर जाड झाला किंवा नीट वाळला नाही, तर आकार बिघडतो. डबीत पाण्याचे थेंब राहिले असतील, तर निरोगी शेपट्यासुद्धा गुंडाळतात.

‘९८ टक्के खराब’ हे वाक्य कुणीही कुणाला ऐकवू नये. बाकीचे आकडे बघा : अडीच गुणिले ४८ म्हणजे एकूण १२० मिलियन, त्यातले पुढे सरकणारे ४० टक्के, म्हणजे ४८ मिलियन, चार कोटी ऐंशी लाख. एकूण संख्येची खालची मर्यादा ३९ मिलियन आणि पुढे सरकणाऱ्यांची ३० टक्के आहे. तुम्ही दोन्हींच्या वर आहात. एकट्या आकाराच्या आकड्यावरून थेट टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला कुणी दिला, तर दुसरं मत घ्या.

तपासणी मात्र पुन्हा करा, साधारण तीन महिन्यांनी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या नळीतून, बाहेर पडायला आणखी काही दिवस. मधल्या काळात डेंग्यू, टायफॉइड किंवा कसलाही जोराचा ताप येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना सांगा. त्याचा परिणाम रिपोर्टवर दोन-तीन महिने दिसतो. प्रयत्नांना एक वर्ष उलटून गेलं आहे, तेव्हा पत्नीची तपासणीही आत्ताच, बरोबरीने व्हायला हवी. पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जायचं असतं. आणि घरात निदान पत्नीला तरी सांगा. प्रश्न दोघांचा आहे.

प्रश्न : माझ्या दिराच्या तिन्ही रिपोर्टमध्ये ‘१०० टक्के गोल डोकी’ आलं आहे. संख्या चांगली आहे. सासू-सासरे आते-मामे भावंडं. याचा काही संबंध असू शकतो का? माझे मिस्टर त्याचे सख्खे भाऊ, आम्हालाही अजून मूल नाही. — बार्शी

उत्तर : असू शकतो, आणि तुम्ही अगदी नेमकं विचारलं आहे. वरच्या उत्तरात आकाराच्या टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका असं म्हटलं. तुमच्या दिरांची गोष्ट त्याला अपवाद आहे. इथे शंभरातले शंभर शुक्राणू एकाच प्रकारे बिघडलेले आहेत.

याला ग्लोबोझूस्पर्मिया म्हणतात. डोकं गोल, कारण त्यावर अॅक्रोसोमची टोपीच नाही. बीजांडाच्या बाहेरच्या कवचातून वाट काढायला लागणारी विकरं (एन्झाइम्स) त्या टोपीत असतात. टोपी नसेल तर शुक्राणू कितीही पोहोचले तरी आत शिरत नाहीत. इक्सीत, म्हणजे एक शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याच्या उपचारात, कवचाची अडचण टळते. पण दुसरी उरतेच. शुक्राणू आत गेल्यावर बीजांडाला जागं करणारं प्रथिन या शुक्राणूंमध्ये नसतं किंवा फार कमी असतं. म्हणून बीजांडाला कॅल्शियम आयोनोफोर या द्रावाने जागं करावं लागतं. उपचाराआधीच विचारा : ही सोय तुमच्या केंद्रात आहे का, आणि याआधी वापरली आहे का? नाहीतर इक्सीचा सगळा खर्च होऊनही फलन होत नाही.

पुष्कळ रुग्णांत डीपीवाय-१९-एल-२ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती गायब असतात. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. कारण हेच निघालं, तर प्रत्येक सख्ख्या भावाला तोच दोष असण्याची शक्यता चारात एक. तेव्हा तुमच्या यजमानांनी आधी साधी वीर्यतपासणी करून घ्यावी. काही शे रुपयांत उत्तर मिळेल. जनुकाची तपासणी दिरांची व्हावी, तीही जनुकीय समुपदेशकाशी बोलून.

असे आणखी काही ‘सगळेच एकसारखे’ दोष आहेत. सगळी डोकी खूप मोठी आणि शेपट्या अनेक असतील, तर गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ऑरोरा कायनेज सी या जनुकातल्या दोषाने असं होतं आणि तिथे इक्सी करू नये. सगळ्या शेपट्या आखूड किंवा तुटक्या असतील, तर इक्सीने मूल होण्याची आशा चांगली असते. शुक्राणू जिवंत आहेत पण एकही हलत नाही, आणि त्या माणसाला लहानपणापासून सायनस व कफाचा त्रास आहे, असं असेल तर छातीचा एक्स-रे पाहावा. कधी कधी हृदय उजवीकडे निघतं. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस आणि शुक्राणूची शेपटी एकाच यंत्रणेवर हलतात, म्हणून दोन्हींचा बिघाड एकत्र येतो.

प्रश्न : लॅबच्या बाथरूममध्ये मला जमत नाही. घरून नमुना नेला तर चालतो का? — अकोला

उत्तर : चालतो, पण तासाभराच्या आत तो लॅबच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. घर लांब असेल, तर लॅबजवळच्या लॉजमध्ये खोली घेणं हाही सरळ मार्ग आहे.

आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. ‘जास्त दिवस थांबलो तर रिपोर्ट चांगला येईल’ हा गैरसमज आहे. संख्या वाढते, हालचाल घटते. डबी लॅबकडूनच आणा, रुंद तोंडाची. घरातली धुतलेली बाटली नको. लघवी करून घ्या, हात आणि शिश्न धुऊन नीट कोरडं करा. हस्तमैथुनानेच नमुना काढा. तेल, क्रीम, थुंकी काही लावू नका. साध्या कंडोममध्ये गोळा केलेला नमुना निकामी असतो. संबंधाच्या वेळी ऐनवेळी बाहेर काढून घेतलेलाही नको, कारण त्यात पहिला भाग निसटतो. बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. थोडं सांडलं, तर सांगा, आणि सुरुवातीचं सांडलं की शेवटचं, तेही सांगा. लाजून गप्प राहिलात, तर चुकीच्या आकड्यावर पुढचे उपचार उभे राहतात.

डबीवर नाव आणि नमुना काढल्याची वेळ लिहा. डबी शर्टाच्या आतल्या बाजूला, अंगाजवळ ठेवून न्या. फ्रीजमध्ये ठेवू नका आणि अकोल्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच. रिपोर्टवर नमुना काढल्याची वेळ आणि तपासणीची वेळ, दोन्ही छापलेल्या आहेत का ते बघा. नसतील, तर हालचालीच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न : वय २७. दीड वर्षं जिममध्ये इंजेक्शनं घेतली, टेस्टोस्टेरॉन आणि आणखी एक. लग्नानंतर तपासलं तर ‘निल’, म्हणजे एकही शुक्राणू नाही. मर्दानी हार्मोन घेतल्यावर शुक्राणू वाढायला हवेत ना? — पिंपरी

उत्तर : उलट होतं. मेंदूतली पीयूष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडून वृषणांना काम करायला लावते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे, आणि ही दोन्ही बंद होतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसतं, पण वृषणाच्या आत ते घसरतं. शुक्राणू बनायला आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. त्यामुळे उत्पादन थांबतं आणि गोट्या लहान, मऊ होतात.

इंजेक्शनं आजच थांबवा. एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासा, दर तीन महिन्यांनी वीर्य तपासा. बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षंही लागतात. मधल्या काळात थकवा येईल, मन खचेल. त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच इंजेक्शन घेऊ नका. शुक्राणू पुन्हा बनायला मदत करणारी एचसीजी किंवा क्लोमिफेन ही औषधं अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ, देऊ शकतात. ‘संख्या कमी आहे’ म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून दिलेल्या चिठ्ठ्याही आमच्याकडे आल्या आहेत. मूल हवं असताना हे औषध घ्यायचंच नसतं.

‘निल’ रिपोर्ट आलेल्या, पण इंजेक्शन न घेतलेल्या वाचकांसाठी : नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहिला होता का, ते विचारा आणि तपासणी पुन्हा करा. वीर्य एक मिलिलिटरपेक्षा कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नसलेलं असेल, तर वाट बंद असण्याची किंवा शुक्रवाहिनी जन्मतः नसण्याची शक्यता असते. शुक्रवाहिनी आहे की नाही हे डॉक्टरांच्या बोटांना कळतं. वृषण लहान आणि एफएसएच वाढलेलं असेल, तर उत्पादनातच अडचण आहे. मग गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्रातले तुटलेले तुकडे तपासल्याशिवाय वृषणातून शुक्राणू काढायची शस्त्रक्रिया करू नका. त्या तुकड्यांना ए, बी आणि सी म्हणतात. त्यांपैकी ए किंवा बी पूर्ण गेलेला असेल, तर शस्त्रक्रियेत शुक्राणू सापडत नाहीत. सी गेलेला असेल तर सापडू शकतात, पण मुलगा झाला तर तो दोष त्याच्याकडे जातो.

प्रश्न : सोनोग्राफीत डाव्या बाजूला व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) निघालं. ऑपरेशन करू का? — कणकवली

उत्तर : ते हाताला लागतं का, हा पहिला प्रश्न. उबदार खोलीत, उभं राहून, जोर करायला सांगून डॉक्टरांनी तपासलं पाहिजे. फुगलेल्या शिरा बोटांना गांडुळांच्या गुंत्यासारख्या लागतात. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरांचं ऑपरेशन करून फायदा होत नाही. हाताला लागतं आहे, वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला आहे आणि पत्नीच्या तपासणीत मोठी अडचण नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर करा, शक्यतो सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्या सर्जनकडे. सुधारणा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. व्हेरिकोसील सर्वसाधारण पुरुषांतही १०० पैकी सुमारे १५ जणांना असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात.

प्रश्न : झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या महिना दीड हजाराच्या चालू आहेत. किती दिवस घ्यायच्या? — नाशिक

उत्तर : बंद केल्या तरी चालेल. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत पुरुषांना रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड सहा महिने दिलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला. मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. त्या दीड हजारात तीन महिन्यांनी चांगल्या लॅबमधून पुन्हा तपासणी करा. तंबाखू, मावा, सिगारेट असेल तर सोडा. भट्टीजवळ किंवा इंजिनावर बसून काम असेल, तर मध्ये मध्ये उठा, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. रोजची काही औषधं चालू असतील, तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आतड्याच्या सुजेवर दिलं जाणारं सल्फासालाझिन शुक्राणू कमी करतं, आणि डॉक्टरांनी ते बदलून दिलं की काही महिन्यांत संख्या पुन्हा वर येते.