थिसिस की रिसर्च पेपर? आधी ऊसतोडीचं कॅलेंडर बघ

अगं, मेसेज वाचला. मला कळलं ते असं: सोलापूर विद्यापीठातनं जिऑग्राफीत एम.एस्सी. झालीय, आता कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये मास्टर्सला अर्ज टाकतेयस, फॉर्ममध्ये थिसिस की मेजर रिसर्च पेपर असं विचारलंय, विषय उजनी धरण आणि ऊस, लग्न ठरलंय आणि नवरापण सोबत येणार म्हणतोय. आणि घरी सगळ्यांचं एकच, थिसिसच घे, त्यालाच किंमत.

घरच्यांचं आधी मिटवू. डिग्री सर्टिफिकेटवर बहुतेक ठिकाणी दोन्हीला सेमच लिहून येतं. रिसर्च पेपर म्हणजे पळवाट असंही नाही, टोरांटो युनिव्हर्सिटीच्या जिऑग्राफी एम.ए.त पोरं मुख्यतः रिसर्च पेपरच करतात आणि तिथनं पीएचडीला पण जातात. फरक कामाच्या आकारात आहे. थिसिसला कोर्स कमी, संशोधन जास्त, गाईडच्या जोडीला कमिटी, शेवटी तोंडी डिफेन्स, आणि मग तो युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन संग्रहात कायमचा राहतो. रिसर्च पेपरला कोर्स जास्त, प्रश्न छोटा, वाचणारे शक्यतो दोघंच, गाईड आणि सेकंड रीडर, आणि डिफेन्स बऱ्याच डिपार्टमेंटला नसतोच. पण एम.एस्सी.ला, म्हणजे पाणी-माती-हवामानवाल्यांना, अनेक ठिकाणी थिसिसच करायला लावतात, म्हणून प्रोग्रामचं पान नीट वाच.

आता खरी गोष्ट, जी फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. तू दोन प्रश्न एकत्र करून बसलीयस. एक, उजनीच्या पाण्यानं ऊस किती आणि कुठं वाढला. दोन, त्याचा ऊसतोड मजुरांवर आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांवर काय परिणाम झाला. पहिला रिसर्च पेपरचा आहे, दुसरा थिसिसचा.

पहिला तू इथं कॅनडात खोलीत बसून करू शकतेस. लँडसॅट उपग्रहांचा जुना डेटा फुकट मिळतो, सेंटिनेल-२ उपग्रहांचा २०१५ नंतरचा १० मीटरचा डेटा पण फुकट, तो ऑनलाइन तपासायला गूगल अर्थ इंजिन अभ्यासासाठी फुकट, नकाशे करायचं क्यूजीआयएस तर तुला येतंच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं रानात हिरवं काय असतं सांग बघू? मंगळवेढ्याची ज्वारी तर कधीच काढून झालेली असते. उरतो ऊस, आणि सांगोल्याकडं डाळिंब, कुठं कुठं द्राक्ष. म्हणजे उन्हाळ्यातल्या इमेज घेतल्या की ऊस वेगळा काढणं बरंच सोपं जातं, आणि ढगांचा त्रासही कमी. करमाळा, माढा आणि इंदापूरकडचा बॅकवॉटरचा पट्टा घे, नव्वदच्या दशकातलं एखादं वर्ष आणि आत्ताचं वर्ष शेजारी ठेव, आणि भावाला गाडीवर पाठवून वीसेक शेतांचे लोकेशन टॅग केलेले फोटो मागव. झाला की पेपर. माणसांना काही विचारायचं नाही म्हणून एथिक्सच्या मंजुरीची भानगड शक्यतो नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माणसांशी बोलायचंय, आणि इथं त्यासाठी रिसर्च एथिक्स बोर्डाची मंजुरी लागते. त्याशिवाय एक मुलाखत घेतलीस तरी ती वापरता येणार नाही. कुणाला कसं गाठणार, काय विचारणार, मराठीतला संमतीचा कागद, सही न येणाऱ्याची तोंडी संमती कशी नोंदवणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. मजूर म्हणजे अडचणीतला गट, त्यात मुकादमाकडनं उचल घेतलेली, त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलेल का हा प्रश्न बोर्ड विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे. दुरुस्त्या होऊन मंजुरी यायला आठवडे जातात, कधी महिने.

आणि त्यात कॅलेंडर. इथं सप्टेंबरला सुरुवात, एप्रिलपर्यंत कोर्स आणि टीएचं (टीचिंग असिस्टंट, शिकवायला मदत करायचं) काम, फील्डवर्कला मोकळीक मे ते ऑगस्ट. आपल्याकडं गाळप चालतं ऑक्टोबर-नोव्हेंबरपास्नं मार्चच्या आसपासपर्यंत. तू मेमध्ये विमानातनं उतरशील तेव्हा फडात कुणी नसणार, टोळ्या बीडकडं परत गेलेल्या, कारखान्याचा पट्टा पडलेला. तेव्हा तोडकऱ्यांवर काम करायचं तर डिसेंबर-जानेवारीच लागणार, म्हणजे एक टर्म बाहेर राहायची परवानगी किंवा दुसरं वर्ष. हे थिसिसमध्येच बसतं, तेही गाईडनं आधी मान्य केलं असेल तर. याउलट विषय टँकरचा, टेलला पाणी न पोचण्याचा केलास तर मे महिना एकदम फिट, ऊन सोसायची तयारी ठेव फक्त. (आणि गाईडला 'उजनी मायनसमध्ये गेलं' असं लिहू नकोस, त्याला वाटेल डेटा चुकलाय. एकूण ११७ टीएमसीतलं ६४ च्या आसपास मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या पाण्यात जातं, टक्केवारी फक्त वरच्या पाण्याची असते, म्हणून ती शून्याखाली जाते, हे दोन ओळीत समजाव. त्या दोन ओळीतच त्याला कळेल की पोरीला विषय माहितीय.)

पैशाचं. काही डिपार्टमेंट फंडिंग फक्त थिसिसवाल्यांना देतात, काही दोघांना, काही रिसर्च पेपरवाल्यांना एकच वर्ष. ऑफर लेटरमध्ये मोठा आकडा बघून हुरळू नकोस, त्यात टीएशिपचा पगार धरलेला असतो, तो काम केल्यावरच मिळतो, आणि त्यातनंच फी वजा करायची असते. थिसिस लांबतो हे गृहीतच धर, आणि फंडिंग संपल्यावर जी टर्म वाढते तिची फी आपल्या खिशातनं. इंटरनॅशनल फी आहे ती, गंमत नाही.

नवऱ्याचं तर नीटच ऐक. जानेवारी २०२५ पासनं मास्टर्सवाल्यांच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठंही नोकरी करायची परवानगी) मिळायला प्रोग्राम किमान १६ महिन्यांचा लागतो. रिसर्च पेपरचे काही प्रोग्राम १२ महिन्यांत संपतात! तिथं तू कॅनडात आणि तो सोलापुरात असं व्हायचं. कॉलेजच्या पत्रावर कालावधी किती छापलाय ते बघ, तोंडी कुणी काही सांगितलं तरी उपयोग नाही. तुझ्या स्वतःच्या वर्क परमिटला त्रास नाही, फेब्रुवारी २०२४ पासनं आठ महिने किंवा जास्तीच्या मास्टर्सला तीन वर्षांचं मिळू शकतं, थिसिस असो की नसो. तरी हे नियम सारखे बदलतात, अर्जाच्या दिवशी इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर परत एकदा बघ, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

नोकरीबद्दल, इथल्या म्युनिसिपालिट्या, कन्झर्व्हेशन अथॉरिटी, कन्सल्टन्सी, यांना जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेच्या माहितीचं काम) ॲनालिस्ट पाहिजे असतो, ते नकाशे बघतात, पायथन प्रोग्रामिंग येतं का बघतात. थिसिस केला होता का असं विचारणारा मला तरी अजून भेटला नाही. पीएचडी पक्की असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मोठं काम तडीस नेल्याचा पुरावा आणि गाईडचं दमदार पत्र कामाला येतं, आणि ते थिसिसमधनं जास्त सहज मिळतं.

मला विचारशील तर, पीएचडीचं अजून 'बघू' असं असेल तर १६ महिने किंवा जास्तीचा, फंडिंगवाला रिसर्च पेपरचा प्रोग्राम बघ आणि पहिला प्रश्न घे. पण मजुरांचाच विषय डोक्यात घट्ट बसला असेल तर तो कापून रिसर्च पेपरमध्ये कोंबू नकोस, थिसिस घे आणि दोन वर्षांची मनाची तयारी ठेव. बऱ्याच ठिकाणी थिसिसवरनं पेपरवर उडी मारता येते, उलटं अवघड, कारण गाईड आणि पैसा दोन्ही नव्यानं जुळवावं लागतं.

टिक करायच्या आधी प्रोफेसरला मेल टाक. पुढच्या वर्षी सबॅटिकलवर (शिकवण्यातनं लांब सुट्टीवर) आहात का हे विचारायला लाजू नकोस, आणि त्यांच्या हाताखालच्या एकदोघांना गाठून किती दिवसांत चॅप्टर वाचून देतात ते विचार. मेलचा ड्राफ्ट मला पाठव, बघतो. फक्त 'रिस्पेक्टेड सर' करून खाली दहावीपासनंचे मार्क लिहू नकोस, पहिल्याच ओळीत उजनी येऊ दे.