प्रोटॉनमधील विद्युतभार कोठे असतो?

प्रश्न : प्रोटॉनमधील विद्युतभार केंद्रापासून कसा पसरलेला आहे, हे दाखवणारे आलेख पाठ्यपुस्तकांत असतात. सापेक्षतावादी बद्ध कणांची (ज्यांचे घटक प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरतात अशा संयुक्त कणांची) अशी भारघनता निःसंदिग्धपणे सांगता येत नाही, असे मात्र अलीकडे वाचले. मग ते आलेख चुकीचे समजायचे का?

उत्तर : आलेखांमागची मोजमापे खरी आहेत, त्यांना दिलेला अर्थ तपासून घ्यावा लागतो. १९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्ड येथे प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा मोजला गेला तो ‘फॉर्म फॅक्टर’, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे विखुरणे बिंदुरूप कणाच्या तुलनेत किती वेगळे आहे, हे संवेगबदलानुसार (टकरीत प्रोटॉनला मिळालेल्या संवेगानुसार) सांगणारी राशी. त्याच्या फूरिये रूपांतराला (संवेगाच्या भाषेतील माहिती अंतराच्या भाषेत नेणाऱ्या गणिती क्रियेच्या फलिताला) घनता म्हणायचे, तर आदळण्यापूर्वी आणि नंतरही लक्ष्यकण जवळपास स्थिर असायला हवा.

खरी अडचण येथेच आहे. घनता सांगण्यासाठी कण आधी एका जागी बसवावा लागतो. त्यासाठी घेतलेला तरंगसमूह (कण कोठे असू शकतो ते दाखवणारा लाटांचा पुंजका) कणाच्या आकारापेक्षा बराच अरुंद हवा, नाहीतर कणाची रचना त्याच्या स्थानाच्या अनिश्चिततेत मिसळून जाते. पण तो कॉम्प्टन तरंगलांबीपेक्षा (कणाच्या वस्तुमानावरून ठरणाऱ्या लांबीपेक्षा; कण हलका, तितकी ती मोठी) बराच रुंदही हवा, अन्यथा संवेगाची अनिश्चितता इतकी वाढते की कण स्थिर मानताच येत नाही. हायड्रोजन अणूची त्रिज्या त्याच्या (२π ने भागलेल्या) कॉम्प्टन तरंगलांबीच्या सुमारे अडीच लाख पट असल्याने तेथे भरपूर वाव आहे. प्रोटॉनमध्ये हे प्रमाण ०.८४ फेम्टोमीटरला (१ फेम्टोमीटर = १०⁻¹⁵ मीटर) ०.२१, म्हणजे चौपटच. आणि पायॉनची (प्रोटॉनपेक्षा बराच हलका कण) त्रिज्या ०.६६, तर तरंगलांबी १.४१ फेम्टोमीटर, म्हणजे वाव उरतच नाही.

पाठ्यपुस्तकांतील आलेख बहुधा ब्राइट चौकटीतले असतात, म्हणजे टकरीत कणाच्या संवेगाची फक्त दिशा उलटते असे ज्याला दिसते त्या निरीक्षकाच्या दृष्टीतून काढलेले. ती चौकट प्रत्येक संवेगबदलासाठी वेगळी असते, त्यामुळे निरनिराळ्या गतींच्या निरीक्षकांची माहिती एकाच चित्रात जोडली जाते.

कण अमर्याद संवेगाने धावतो असे मानून गतीला लंब असलेल्या प्रतलातील घनता काढली, तर हा दोष टळतो. जेराल्ड मिलर यांनी २००७ मध्ये या रीतीने न्यूट्रॉनच्या केंद्राशी ऋणभार असल्याचे दाखवले. ब्राइट चौकटीत तेथे धनभार दिसतो! मला ही द्विमितीय घनताच अधिक विश्वासार्ह वाटते, जरी तिच्यात तिसरी मिती गमवावी लागते आणि ती स्थिर कणाचे चित्र नसते.

प्रोटॉनच्या ०.८४ फेम्टोमीटर त्रिज्येला मात्र या वादाची झळ पोहोचत नाही, कारण तिची व्याख्या शून्य संवेगबदलापाशी असलेल्या फॉर्म फॅक्टरच्या उतारावरून केली जाते आणि हायड्रोजनच्या वर्णपटाच्या गणितातही तोच उतार येतो.